ग्रंथतालिकेतील मजकूर-क्षेत्रांची वैधता-तपासणी

ग्रंथालयाच्या तालिकेत ग्रंथाची नोंद करताना ग्रंथनाम, ग्रंथकार, प्रकाशनस्थळ, प्रकाशक, प्रकाशनवर्ष इ. तपशील ज्या स्वतंत्र कप्प्यांत लिहिले जातात, त्यांना ‘क्षेत्रे’ असे म्हणतात. यांपैकी अक्षरी मजकूर असलेल्या क्षेत्रांत काय लिहावे, कोणत्या वर्णचिन्हांत लिहावे, कोणते क्षेत्र रिकामे सोडता येते व कोणते येत नाही, हे ठरविणारे नियम आणि त्या नियमांनुसार प्रत्येक नोंद पारखून घेण्याची क्रिया म्हणजे वैधता-तपासणी होय. नोंद खरी आहे की खोटी, हे ही तपासणी सांगू शकत नाही. नोंद ठरलेल्या रूपात आहे की नाही, एवढेच ती सांगते. हा भेद लक्षात न घेतल्यास नियमांचा उपयोग होण्याऐवजी उपद्रव होण्याचा संभव असतो.

तालिका हातांनी लिहिलेल्या पत्रांची होती, तोवर किरकोळ लेखनभेद वाचकाचा डोळा सांभाळून घेत असे. ‘गिरगांव’ आणि ‘गिरगाव’ ही एकाच ठिकाणाची नावे आहेत, हे त्याला सांगावे लागत नसे. संगणकाला मात्र ही दोन भिन्न नावे वाटतात. त्यामुळे ग्रंथ फडताळात असूनही तालिकेत सापडत नाही आणि शोधणाऱ्याला ‘ग्रंथ उपलब्ध नाही’ असे उत्तर मिळते. जुन्या मराठी ग्रंथांच्या बाबतीत हा धोका विशेष मोठा आहे. कारण कित्येक ग्रंथांच्या फारच थोड्या प्रती शिल्लक आहेत आणि तालिकेतून निसटलेली प्रत अभ्यासकाच्या दृष्टीने नाहीशी झाल्यासारखीच असते.

इतिहास : ग्रंथनोंदीतील क्षेत्रे निश्चित करण्याचा हिंदुस्थानातील एक महत्त्वाचा प्रयत्न १८६७ च्या मुद्रणालय व ग्रंथनोंदणी अधिनियमाने झाला. या अधिनियमाच्या अठराव्या कलमात ग्रंथाचे नाव, भाषा, ग्रंथकार, भाषांतरकार वा संपादक, विषय, मुद्रणस्थळ व प्रकाशनस्थळ, मुद्रक व प्रकाशक, प्रसिद्धीची तारीख, पृष्ठसंख्या, आकार, आवृत्ती, प्रतींची संख्या, ग्रंथ खिळ्यांवर छापलेला आहे की शिळाछापाचा, किंमत आणि स्वामित्वहक्क धारण करणाराचे नाव एवढे तपशील नोंदविण्याचे बंधन होते. त्यांवरून तयार होणाऱ्या त्रैमासिक याद्या सरकारी राजपत्राबरोबर प्रसिद्ध होत. मुंबई इलाख्यातील मराठी ग्रंथांच्या इतिहासाचे त्या एक प्रमुख साधन आहेत. या अधिनियमाची जागा १ मार्च २०२४ पासून वृत्तपत्र व नियतकालिक नोंदणी अधिनियम, २०२३ याने घेतली. ग्रंथांच्या प्रती नेमलेल्या ग्रंथालयांकडे पाठविण्याचे बंधन १९५४ च्या स्वतंत्र अधिनियमाने घातलेले असून त्या ग्रंथालयांत मुंबईच्या मध्यवर्ती ग्रंथालयाचा समावेश आहे.

मराठीपुरते पाहता, शंकर गणेश दाते यांची मराठी ग्रंथसूची (१८००–१९३७ व १९३८–५०) आणि मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालयाने (स्थापना १८९८) प्रसिद्ध केलेली मराठी नियतकालिकांची सूची (१८००–१९५०) ही पायाभूत कामे होत. संगणकाचा स्पर्श नसलेल्या या कामांतही समान क्षेत्रे, समान क्रम व समान संक्षेप पाळावेच लागतात. नाहीतर सूची वापरता येत नाही. वैधता-तपासणीचे तत्त्व त्यामुळे जुनेच आहे. नवे आहे ते यंत्राने तपासणे.

तालिकीकरणाचे नियम एस्. आर्. रंगनाथन यांच्या वर्गीकृत तालिका संहितेत (१९३४) तसेच अँग्लो-अमेरिकन तालिकीकरण नियमांच्या दुसऱ्या आवृत्तीत (१९७८) ग्रथित झाले. त्यांच्याच पुढची पायरी म्हणजे २०१० मध्ये प्रसिद्ध झालेली ‘आरडीए’ ही संहिता होय. नोंदी यंत्रवाच्य स्वरूपात साठविण्यासाठी ‘मार्क २१’ हा आराखडा व्यापक प्रमाणावर वापरला जातो. त्यात प्रत्येक क्षेत्राला तीन अंकी खूण असते : १०० ही व्यक्तिनामाची, २४५ ही ग्रंथनामाची, २६० किंवा २६४ ही प्रकाशनविषयक तपशिलाची, ०२० ही आंतरराष्ट्रीय प्रमाण ग्रंथ क्रमांकाची. ‘कोहा’ ही मुक्त प्रणाली या आराखड्यावर उभी आहे. राष्ट्रीय सूचना-विज्ञान केंद्राची ‘ई-ग्रंथालय’ ही प्रणालीही भारतातील अनेक ग्रंथालयांत वापरात आहे.

नियमांचे प्रकार : वैधता-तपासणीचे नियम स्थूलमानाने सहा प्रकारचे असतात. (१) अस्तित्वाचा नियम : क्षेत्र अनिवार्य आहे की ऐच्छिक, हे तो ठरवितो, मार्क २१ मध्ये २४५ हे क्षेत्र प्रत्येक नोंदीत असलेच पाहिजे. (२) पुनरावृत्तीचा नियम : हेच २४५ क्षेत्र एका नोंदीत एकदाच येऊ शकते, विषयशीर्षकाची क्षेत्रे मात्र कितीही वेळा येऊ शकतात. (३) वर्णचिन्हांचा नियम : क्षेत्रात कोणत्या लिपीची, कोणती चिन्हे चालतात, हे तो सांगतो. (४) आकृतिबंधाचा नियम : वर्ष चार अंकी असावे, भाषासंकेत तीन अक्षरी असावा, अशा स्वरूपाचा हा नियम असतो. (५) प्रमाणसूचीचा नियम : क्षेत्रातील मूल्य आधी ठरविलेल्या यादीतीलच असावे, असे बंधन तो घालतो. (६) आंतरक्षेत्रीय नियम : दोन क्षेत्रांतील मजकूर परस्परांशी सुसंगत आहे की नाही, हे तो पाहतो. पहिले पाच नियम एकेका क्षेत्रापुरते असतात. सर्वांत उपयुक्त दोष मात्र बहुधा सहाव्या प्रकाराने उघडकीस येतात.

वर्णचिन्हे व देवनागरी : देवनागरी मजकूर साठविण्यासाठी सध्या युनिकोड ही संकेतप्रणाली प्रमाण मानली जाते. तिची पहिली आवृत्ती १९९१ मध्ये निघाली. तत्पूर्वी आणि नंतरही काही काळ, मराठी मजकूर विशिष्ट टंकांवर अवलंबून असलेल्या संकेतांत साठविला जाई. म्हणजे संगणकाच्या लेखी तेथे रोमन अक्षरे व चिन्हेच असत आणि ठराविक टंक वापरला तरच ती देवनागरी म्हणून दिसत. अशा नोंदी रूपांतर न करता नव्या प्रणालीत घेतल्यास निरर्थक अक्षरांची रांग दिसते. म्हणून ‘भाषा मराठी व लिपी देवनागरी असे नोंदविलेल्या अभिलेखाच्या ग्रंथनाम-क्षेत्रात देवनागरी वर्ण नसल्यास तो शंकास्पद मानावा’ हा अगदी प्राथमिक नियम ठरतो.

युनिकोडमध्ये आणलेल्या मजकुरातही दिसायला एकच आणि साठवणीत भिन्न अशी रूपे राहतात. मराठीतील अर्ध्या रेफाची गोष्ट याचे उत्तम उदाहरण आहे. ‘दर्या’ म्हणजे समुद्र आणि ‘दऱ्या’ म्हणजे डोंगरांमधील खोलगट भाग. ‘आचार्यांना’ व ‘आचाऱ्यांना’ यांच्या अर्थांतही असाच भेद आहे. ‘वाऱ्यावरची वरात’ या ग्रंथनामातील ‘ऱ्य’ दोन रीतींनी टंकलिखित होतो. एकीत ‘ऱ’ हा स्वतंत्र वर्ण (संकेत ०९३१) व हलंत चिन्ह येते, तर दुसरीत साधा ‘र’ (०९३०), हलंत चिन्ह व त्यामागून न दिसणारे ‘शून्यरुंदी संयोजक’ हे चिन्ह येते. पडद्यावर दोन्ही सारखीच दिसतात. युनिकोडची प्रमाणीकरणाची रीतही या दोहोंना एक करीत नाही. त्यातच एखाद्या प्रणालीने ‘अदृश्य चिन्हे काढून टाकावीत’ असा सरसकट नियम लावला, तर दुसऱ्या रीतीने लिहिलेल्या ‘दऱ्या’चा ‘दर्या’ होतो. म्हणून योग्य नियम असा असतो, की ‘र’ व हलंत यांच्यापुढे संयोजक आल्यास तो जोडगट प्रथम ‘ऱ’च्या रूपात बदलावा आणि त्यानंतरच उरलेली अदृश्य चिन्हे काढावीत. येथे नियमांपेक्षाही त्यांचा क्रम महत्त्वाचा ठरतो.

‘ॲ’ या वर्णाचीही अशीच स्थिती आहे. त्याला युनिकोडमध्ये स्वतंत्र संकेत (०९७२) २००८ मध्ये मिळाला. त्याआधीच्या नोंदींत ‘अ’ला चंद्राची खूण जोडून तो लिहिलेला आढळतो व काही ठिकाणी ‘ऍ’ हे रूप वापरलेले दिसते. ‘ॲटलास’ हा शब्द शोधणाऱ्या वाचकाला तिन्ही रूपांतील ग्रंथ मिळावयाचे असतील, तर ती शोधासाठी एका रूपात आणणे आवश्यक असते.

विसर्ग व अपूर्णविराम यांची गल्लत ही आणखी एक नित्याची चूक होय. विभावरी शिरूरकर यांच्या ‘कळ्यांचे निःश्वास’ (१९३३) या कथासंग्रहाच्या नावात विसर्ग आहे. टंकलेखकाने त्याजागी अपूर्णविराम दिल्यास डोळ्यांना फरक जाणवत नाही. परंतु ग्रंथवर्णनाच्या आंतरराष्ट्रीय पद्धतीत अपूर्णविरामाने मुख्य नाव व उपनाव विलग केले जातात. त्यामुळे अपूर्णविरामावर नाव तोडणाऱ्या प्रणालीत ‘कळ्यांचे नि’ हे ग्रंथनाम आणि ‘श्वास’ हे उपनाव होऊन बसते. देवनागरी वर्णाला लगटून, मागेपुढे जागा न सोडता आलेला अपूर्णविराम शंकास्पद मानावा, या एका नियमाने हा दोष सापडतो.

क्षेत्राच्या लांबीची मर्यादा ठरवितानाही सावधगिरी बाळगावी लागते. ‘गिरगाव’ या शब्दात वाचकाच्या दृष्टीने चार अक्षरे आहेत. स्वरचिन्हे वेगळी मोजल्यास त्यात सहा वर्णसंकेत असतात. युनिकोडच्या प्रचलित साठवणरीतीत प्रत्येक देवनागरी संकेताला तीन बाइट लागत असल्याने तोच शब्द अठरा बाइट जागा घेतो. अभिलेखांच्या देवघेवीच्या आराखड्यात लांबी बाइटांत मोजली जाते : एका क्षेत्राची मर्यादा ९,९९९ व एका अभिलेखाची ९९,९९९ बाइट असते. रोमन लिपी गृहीत धरून ठेवलेली जागा मराठी ग्रंथनामास अपुरी पडते आणि नाव मधोमध, प्रसंगी अक्षराच्याही मधोमध तुटते. क्षेत्राचा शेवट हलंत चिन्हाने झाल्यास नोंद पुन्हा पाहावी, हा नियम अशा तुटीचा माग काढण्यास उपयोगी पडतो.

लेखननियम आणि शीर्षकपृष्ठ : मराठी साहित्य महामंडळाने १९६२ मध्ये लेखनविषयक १४ नियम स्वीकारले व १९७२ मध्ये त्यांत आणखी ४ नियमांची भर पडली. त्यापूर्वीच्या ग्रंथांवर ‘केलें’, ‘नाहीं’ असे अनुस्वार आणि ‘कवि’, ‘आवृत्ति’ अशी ऱ्हस्वान्त रूपे आढळतात. हरि नारायण आपटे यांच्या कादंबरीचे ‘पण लक्ष्यांत कोण घेतो’ हे जुने लेखन आणि ‘पण लक्षात कोण घेतो’ हे आजचे रूढ लेखन, यांतील अंतर बोलके आहे. शीर्षकपृष्ठावर जसे आहे तसेच उतरवून घ्यावे, हा तालिकीकरणाचा मूलभूत दंडक असल्याने जुने लेखन ‘अशुद्ध’ म्हणून नाकारणारा किंवा आपोआप बदलणारा नियम सदोष ठरतो. तथापि केवळ जुन्या रूपावर थांबल्यास आजच्या वाचकास ग्रंथ सापडत नाही. यावरील मान्य तोड अशी, की मुख्य क्षेत्रात मूळ लेखन व पर्यायी ग्रंथनामाच्या क्षेत्रात (२४६) प्रचलित लेखन द्यावे. वैधता-नियमाने मग एवढेच पाहावे, की १९६२ पूर्वीच्या ग्रंथाच्या नावात जुने लेखन असेल, तर पर्यायी क्षेत्र भरलेले आहे की नाही. ‘ग्रन्थ’ व ‘ग्रंथ’ यांसारखी परसवर्ण आणि अनुस्वार यांची जोडरूपे शोधाच्या अनुक्रमणिकेत एक मानावीत. पण मूळ क्षेत्रातील अक्षरास हात लावू नये.

व्यक्तिनामे : मराठी व्यक्तिनामात साधारणतः स्वतःचे नाव, वडिलांचे वा पतीचे नाव आणि आडनाव असे तीन घटक असतात. तालिकेत आडनाव प्रथम देऊन स्वल्पविरामानंतर उरलेले नाव देतात. त्यामुळे ‘नावाच्या क्षेत्रात एक स्वल्पविराम असलाच पाहिजे’ असा नियम करण्याचा मोह होतो. पण केशवसुत, कुसुमाग्रज, अनिल, बी, ग्रेस ही टोपणनावे एकपदी असल्याने या नियमात बसत नाहीत. संतांची नावेही बसत नाहीत. म्हणून मार्क २१ मध्ये नाव आडनावाने सुरू होते की पहिल्या नावाने, हे दर्शविणारा स्वतंत्र दर्शक असतो आणि स्वल्पविरामाचा नियम त्या दर्शकाशी जोडावा लागतो.

आद्याक्षरांमुळे दुसरी अडचण निर्माण होते. ‘पु.ल. देशपांडे’, ‘पु. ल. देशपांडे’ आणि ‘पुरुषोत्तम लक्ष्मण देशपांडे’ ही तीन रूपे तीन व्यक्तींची म्हणून नोंदली जाऊ शकतात. पूर्णविरामानंतर एक मोकळी जागा असावी, असा आकृतिबंध ठरविल्यास पहिल्या दोहोंतील भेद मिटतो; तिसऱ्यासाठी प्रमाण नामसूचीच लागते. जुन्या ग्रंथांवरील ‘कै.’, ‘रा. रा.’, ‘ह. भ. प.’, ‘प्रा.’ ही उपपदे यंत्राला आद्याक्षरांसारखीच दिसतात. उपपदांची बंद यादी करून ती नावापासून वेगळ्या उपक्षेत्रात काढणे, हा यावरील उपाय होय. यादी बंद नसेल, तर खऱ्या आद्याक्षरांचाही बळी जातो.

प्रमाण नामसूचीचे कार्य केवळ लेखन एकसारखे करण्याचे नाही. राम गणेश गडकरी यांनी कविता ‘गोविंदाग्रज’ व विनोदी लेखन ‘बाळकराम’ या नावाने केले, प्रल्हाद केशव अत्रे यांची विडंबने ‘केशवकुमार’ या नावाने आली आणि विभावरी शिरूरकर म्हणजेच मालतीबाई बेडेकर, विवाहापूर्वीच्या बाळूताई खरे, होत. गिरणगावाशी निकटचे नाते असलेल्या अण्णा भाऊ साठे यांचे मूळ नाव तुकाराम असे होते. शिवाय त्यांचे नाव ‘अण्णा भाऊ’ असे तोडून आणि ‘अण्णाभाऊ’ असे जोडून, दोन्ही प्रकारे छापलेले आढळते. नामसूचीत एक रूप प्रमाण मानून बाकीच्या रूपांपासून तिकडे निर्देश दिले, तर कोणत्याही नावाने आलेला वाचक एकाच ठिकाणी पोहोचतो. नियमाने तपासायचे ते एवढेच, की क्षेत्रातील नाव सूचीत आहे की नाही. नसल्यास नोंद नाकारू नये, सूचीत नवे नाव घालण्याची सूचना द्यावी.

स्थळ, वर्ष व किंमत : प्रकाशनस्थळाच्या क्षेत्रात मुंबईच्या ग्रंथांवर ‘मुंबई’, ‘मुंबापुरी’, ‘गिरगांव, मुंबई ४’, ‘दादर, मुंबई १४’, ‘मुंबई ४०० ०२८’ अशी नाना रूपे मिळतात. इंग्रजी नोंदींत शहराच्या नावाचे जुने व १९९५ नंतरचे अशी दोन रूपे असतात, मराठीत मात्र ‘मुंबई’ हेच नाव आधीपासून रूढ आहे. स्थळक्षेत्रात ‘मुंबई’ हे प्रमाण नाव ठेवून गिरगाव, दादर, परळ, लालबाग यांसारखे विभाग व टपाल क्रमांक पत्त्याच्या स्वतंत्र क्षेत्रात नोंदविल्यास स्थानिक प्रकाशनाचा इतिहासही शोधता येतो. सहा अंकी टपाल क्रमांक १५ ऑगस्ट १९७२ पासून सुरू झाले. त्यामुळे प्रकाशनवर्ष १९५५ आणि पत्ता सहा अंकी क्रमांकाचा, अशी नोंद आढळल्यास बहुधा पुनर्मुद्रणाच्या प्रतीला पहिल्या आवृत्तीचे वर्ष लागलेले असते.

वर्षाच्या बाबतीत शालिवाहन शकाचा प्रश्न महत्त्वाचा आहे. जुन्या मराठी ग्रंथांवर पुष्कळदा केवळ शकवर्ष असते. शकवर्षात ७८ मिळविले असता इसवी सन मिळतो. जानेवारीपासून फाल्गुनअखेरपर्यंतच्या काळासाठी ७९ मिळवावे लागतात. म्हणून शके १८०१ हे १८७९–८० असे नोंदविणे योग्य होय. ‘वर्ष १८०० ते चालू वर्ष यांच्या दरम्यान असावे’ हा नेहमीचा नियम येथे फसवा ठरतो. शके १८५३ (१९३१–३२) मधील ग्रंथाचे वर्ष चुकून १८५३ असे इसवी सनात नोंदविले, तरी ते या नियमातून बिनबोभाट सुटते. तोच ग्रंथ निर्णयसागर छापखान्यात छापलेला असेल, तर चूक चटकन सापडते. कारण जावजी दादाजी यांनी तो छापखाना १८६९ मध्ये काढला. मुद्रणालयांचा आरंभकाळ देणारी छोटी सूची जोडली, तर अशा शेकडो नोंदी यंत्राच्या साहाय्याने निवडून काढता येतात.

किमतीच्या क्षेत्रात १ एप्रिल १९५७ पूर्वीच्या ग्रंथांवर रुपये, आणे, पै असतात. रुपयाचे चतुर्थांश दंडांनी दाखविण्याची जुनी रीत होती : ‘१।’ म्हणजे सव्वा, ‘१॥’ म्हणजे दीड आणि ‘१॥।’ म्हणजे पावणेदोन रुपये. दंड हे विरामचिन्ह समजून ते गाळणारा नियम दीड रुपयाचा एक रुपया करतो. पृष्ठसंख्येच्या क्षेत्रातही असेच घडते. मराठी ग्रंथांत प्रास्ताविक पाने पुष्कळदा अक्षरी आकड्यांनी मोजतात, त्यामुळे ‘सोळा + २४०’ अशी नोंद रास्त असते. ‘केवळ अंक चालतील’ हा नियम तेथे लावता येत नाही.

तपास-अंक : काही क्षेत्रांत वैधता गणिताने पारखता येते. तेरा अंकी प्रमाण ग्रंथ क्रमांकात (१ जानेवारी २००७ पासून प्रचलित) डावीकडून एकाआड एक अंकांना १ व ३ यांनी गुणून सर्वांची बेरीज करतात. ती १० ने निःशेष भागली गेली पाहिजे. उदाहरणादाखल कल्पिलेल्या ९७८-८१-१२३-४५६७-७ या क्रमांकात पहिल्या बारा अंकांची अशी बेरीज १२३ येते, म्हणून शेवटचा अंक ७ असतो. त्यापूर्वीच्या दहा अंकी क्रमांकात भाजक ११ असतो आणि बाकीनुसार शेवटी दहा या अर्थी ‘एक्स’ हे रोमन अक्षर येऊ शकते. ‘केवळ अंक’ असा नियम केल्यास असे वैध क्रमांकही नाकारले जातात. क्रमांक देवनागरी अंकांत टंकलिखित झाला असेल, तर आधी तो आंतरराष्ट्रीय अंकांत रूपांतरित करावा लागतो. वर्गांकाचेही तसेच आहे. ड्यूई दशांश पद्धतीतील मराठी साहित्याचा ८९१.४६ हा वर्गांक दोन अंकलिप्यांत विखुरल्यास एकाच विषयाचे ग्रंथ दोन ठिकाणी दिसू लागतात. १९७० पूर्वीच्या ग्रंथांना प्रमाण क्रमांक नसल्याने हे क्षेत्र अनिवार्य करता येत नाही.

अंमलबजावणी : नियमभंग आढळल्यावर काय करावे, हे नियमाइतकेच महत्त्वाचे असते. सामान्यतः तीन पायऱ्या करतात. ग्रंथनामाचा अभाव, तुटलेला अभिलेख, एकच दाखल क्रमांक दोन ग्रंथांना असणे हे दोष ‘अग्राह्य’ मानून नोंद थांबवितात. वर्षाची विसंगती, अपरिचित नाव, चुकीचा तपास-अंक यांसारखे दोष ‘शंकास्पद’ म्हणून नोंद स्वीकारतात आणि ती तपासनीसाच्या यादीत घालतात. चुकीचा तपास-अंकही येथेच पडतो. कारण काही वेळा चुकीचा क्रमांक ग्रंथावरच छापलेला असतो. तिसऱ्या, ‘सूचनात्मक’ पायरीत जागा व विरामचिन्हे यांचे दोष येतात. ते यंत्राने सुधारले तरी चालते. मात्र प्रत्येक आपोआप झालेल्या बदलाची मूळ अवस्था जपून ठेवावी, म्हणजे नियम चुकल्याचे लक्षात आल्यास मागे जाता येते. नवा नियम सर्व संग्रहावर लावण्यापूर्वी शंभर-दोनशे नोंदींवर चालवून, त्याने पकडलेले दोष ग्रंथ हाती घेऊन पडताळणे इष्ट असते.

मर्यादा : नियम जितके कडक तितकी तालिका चांगली, हा समज बरोबर नाही. लालबाग–परळच्या गिरणगावातील कामगारांच्या सभा-संपांची पत्रके, शाहिरांच्या पोवाड्यांची चोपडी, वगनाट्यांच्या पुस्तिका किंवा १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या गिरणी संपाच्या काळातील छापील साहित्य अशा सामग्रीवर पुष्कळदा लेखकाचे नाव नसते, वर्ष नसते, प्रकाशकही नसतो. तालिकीकरणाच्या संहितांनी अशा वेळी अनुमानित तपशील चौकटी कंसात देण्याची सोय केलेली आहे, ‘[१९३५?]’ अशी नोंद म्हणजे तालिकाकाराने दिलेली प्रामाणिक कबुली असते. ‘वर्ष म्हणजे चार अंक, दुसरे काही नाही’ असा नियम केला, तर तालिकाकारापुढे दोनच मार्ग उरतात : खोटे वर्ष घालणे किंवा ती पुस्तिका नोंदीविना ठेवणे. पहिल्याने इतिहासात चूक शिरते आणि पुढच्या सूचींत ती प्रमाण म्हणून उतरत राहते. दुसऱ्याने एका समाजाचे लेखन तालिकेबाहेर पडते. अनेक नोंदींत एकच वर्ष, विशेषतः १९०० सारखे पूर्णांकी वर्ष, संशयास्पद प्रमाणात आढळू लागले, तर दोष तालिकाकाराचा नसून नियमाचा आहे, असे समजण्यास जागा असते.

म्हणून उत्तम वैधता-नियमाची कसोटी अशी सांगता येईल : तो चुकीला अटकाव करतो, पण अनिश्चिततेला जागा ठेवतो, तो शोधासाठी रूपे एक करतो, पण ग्रंथावरील मूळ अक्षर बदलत नाही, आणि तो शंका उपस्थित करतो, पण निर्णय ग्रंथ पाहणाऱ्या माणसावर सोपवितो. नियमांची यादी ग्रंथालयाने लेखी ठेवावी, प्रत्येक नियमामागील कारण त्यात नमूद करावे आणि ठराविक काळाने तिचा फेरविचार करावा. दोन ग्रंथालयांच्या तालिका एकत्र करण्याची वेळ येते, तेव्हा अशी लेखी यादी विशेष उपयोगी पडते. कारण दोन्हीकडील नोंदींत फरक का आहे हे तिच्यावरून कळते आणि एकच ग्रंथ दोनदा मोजला जाणे वा दोन भिन्न आवृत्त्या एक समजल्या जाणे टळते.